दीड तासाच्या व्हिडिओत गादमाशी नेमकी कुठे?

साकोली-लाखांदूरकडच्या धान उत्पादकाला रोवणी आटोपली की एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: गादमाशी या किडीचं काय करायचं? तज्ज्ञांचं ऑनलाइन मार्गदर्शन रेकॉर्ड होऊन यूट्यूबवर पडलेलं असतं, पण ते दीड तासाचं. सुरुवात "सर, आवाज येऊन राहिला का?" इथून. मग "कोणाचा तरी माईक सुरू आहे, म्यूट करा", मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा सविस्तर परिचय. गादमाशी येते ती आभारप्रदर्शनाच्या जरा आधी, तीही कोणीतरी विचारलं म्हणून!

संगणकावर यूट्यूब बघत असाल तर कीबोर्डवरचे आकडे दाबून पाहा. १ दाबला की व्हिडिओ थेट दहा टक्क्यांवर, ५ दाबला की बरोबर मध्यावर. म्हणजे दीड तासाच्या कार्यक्रमात १ दाबला की आपण नवव्या मिनिटाला. माझ्या अंदाजाने २ दाबावा, कारण परिचय अठरा मिनिटांच्या आत क्वचितच संपतो. इंग्रजी 'जे' दाबलं की दहा सेकंद मागे, 'एल' दाबलं की दहा सेकंद पुढे. मोबाइलवर पडद्याच्या उजव्या कडेला दोनदा टिचकी मारा, पुढे जाण्याचं तेच काम होतं.

यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५चा, प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींसमोरचा. लांबी १९ सेकंद. तेव्हा शोधण्याचा प्रश्नच नव्हता.

खरी गंमत लिखित मजकुरात आहे. माणूस मिनिटाला साधारण सव्वाशे-दीडशे शब्द बोलतो. दीड तासाचं भाषण म्हणजे अकरा ते साडेतेरा हजार शब्द, एक छोटी पुस्तिकाच. कान ती ओळीनेच ऐकणार, डोळा मात्र पानं भराभर उलटतो. म्हणून बऱ्याच व्हिडिओंच्या माहितीखाली 'ट्रान्सक्रिप्ट'ची सोय असते. बोललेलं सगळं वेळेसकट समोर येतं. त्यात शब्द शोधा, ओळीवर क्लिक करा, व्हिडिओ तिथेच उडी मारतो. सबटायटलच्या फायलीत तर प्रत्येक वाक्याची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदवलेली असते. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्तही इतका काटेकोर पाळत नाहीत.

या बाबतीत महाराष्ट्राचं नाव चक्क सर्वोच्च न्यायालयात लागलं. २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांची सुनावणी थेट दाखवायला सुरुवात झाली आणि पहिल्याच दिवशीच्या खटल्यांत शिवसेनेतल्या फुटीचा खटलाही होता. पुढे २१ फेब्रुवारी २०२३ रोजी, त्याच खटल्यात, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठापुढे कृत्रिम बुद्धिमत्तेने बोलणं जागच्या जागी लिहून घेण्याचा पहिला प्रयोग झाला. दिवसभर चाललेल्या युक्तिवादात २०१६ च्या 'नबाम रेबिया' निकालाचा उल्लेख कुठे आला, हे त्या मजकुरात दोन शब्द टाकून सापडतं. पाच-सहा तासांचं चित्रीकरण चाळत बसा म्हटलं तर वकीलही हात जोडेल.

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'ने हेच काम सुरुवातीपासून नीट केलं. सॉफ्टवेअर शिकवणारे हे धडे साधारण दहा-दहा मिनिटांचे, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. त्यांच्या संहितेचं पान उघडून पाहण्यासारखं आहे: तक्त्यात डावीकडे मिनिट-सेकंद, उजवीकडे त्या क्षणी बोललं जाणारं वाक्य. तुमसरचा विद्यार्थी एखादी कमांड विसरला तर अख्खा धडा पुन्हा बघायची गरज नाही. वेळ बघायची, तिथे जायचं. इतकी साधी सोय बाकीच्यांना का सुचत नाही, कोण जाणे!

शोधताना आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची एक खोच लक्षात ठेवा. तज्ज्ञ पश्चिम महाराष्ट्राकडचे असतील तर ते 'भात' आणि 'लावणी' म्हणतील. आपण 'धान' आणि 'रोवणी' टाकून शोधत बसलो तर काहीच हाती लागायचं नाही. वक्ता अस्सल झाडीबोलीत बोलला तर डोळ्याचा 'डोरा' होतो. त्यामुळे एकाच गोष्टीसाठी दोन-तीन शब्द टाकून पाहावेत, पुस्तकी आणि घरचा, दोन्ही.

यूट्यूबच्या पट्टीवर बोट नेलं की काही व्हिडिओंवर एक डोंगररांग दिसते. लोकांनी जो भाग पुन:पुन्हा पाहिला तिथे शिखर. ही सोय २०२२ साली आली. मार्गदर्शनाच्या व्हिडिओत पहिलं शिखर शोधा. बहुतेक तिथेच कामाची गोष्ट असते. झाडीपट्टीच्या रात्रभराच्या नाटकात शिखर कुठे असेल, हे सांगायला नको.

आता अपलोड करणाऱ्या मंडळींना विनंती. व्हिडिओखालच्या वर्णनात फक्त विषय आणि वेळ लिहा. पहिली नोंद ०:०० ची, किमान तीन नोंदी, प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा. एवढं केलं की यूट्यूब स्वतःच प्रकरणं पाडतं. पाच मिनिटांचं काम आहे, प्रास्ताविकाहून कमी वेळ लागतो.