पांगळा आणि मज्जाव

हालता येत नाही हे सांगायला मराठीत शब्द पुष्कळ. थंडीत खोबरेल थिजते, तसा माणूस भयाने थिजतो. खिळा ठोकावा तसा जागेवर खिळतो. हात लुळा पडतो, पाय पांगळा होतो. बळच मारले गेले की माणूस हतबल. पण ‘मज्जाव’ची गोष्ट निराळी. त्यात अंग धडधाकट असते, अडवणारा दुसराच असतो.

महाडचे चवदार तळे घ्या. १९२४ साली नगरपालिकेने ते सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. तरी अस्पृश्य मानलेल्यांना मज्जाव राहिलाच. ठराव झाला खरा, पण पांगळा! २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनुयायांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली. डिसेंबरात कोर्टाची तात्पुरती मनाई आली. अखेर १९३७ साली मुंबई हायकोर्टाने स्पृश्यांचा दावा फेटाळला.

शिक्षक बंधुभगिनींनी हे दोन शब्द वर्गात शेजारी-शेजारी लिहावेत. एखादा जागचा हलत नसेल, तर पाय अधू आहे की वाट अडवली आहे, हे मुलांनी आधी विचारावे.