कोलिस्टिनच्या मात्रेचा प्रश्न

रोगजंतूचा नाश करण्यास पुरेल इतकी मात्रा आणि रोग्याच्या शरीरास अपाय होणार नाही इतकी मात्रा, या दोन मर्यादांमध्ये बहुतेक प्रतिजैविकांच्या बाबतीत बरीच मोकळी जागा असते. पेनिसिलिनची मात्रा थोडी अधिक झाली म्हणून सहसा अनर्थ ओढवत नाही. कोलिस्टिन हे औषध या नियमास मोठा अपवाद आहे. रक्तद्रवात त्याचे सरासरी प्रमाण लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास असावे, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे; आणि ज्या पातळीपुढे मूत्रपिंडास इजा होण्याचे भय स्पष्टपणे वाढू लागते, ती पातळीही जवळजवळ हीच आहे. औषध जेथे उपयोगी पडू लागते तेथेच ते घातक होऊ लागते. अशा औषधाची मात्रा कोणत्या शब्दांत व कोणत्या मापात सांगितली जाते, हा मग केवळ लेखनपद्धतीचा प्रश्न राहत नाही.

कोलिस्टिन हे नवे औषध नव्हे. जपानमध्ये एका दंडाकार जीवाणूपासून ते मिळाल्याचे कोयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली जाहीर केले आणि त्या दशकाच्या अखेरीस ते रुग्णालयांत वापरले जाऊ लागले. पुढे त्याची कीर्ती ओसरली. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत ३१७ उपचारक्रम तपासले असता सुमारे पंचमांशांत मूत्रपिंडाचे कार्य बिघडल्याचे आढळले. जेंटामायसिनसारखी औषधे तोवर हाती आली होती. साहजिकच कोलिस्टिन अडगळीत पडले. तेथून ते बाहेर काढले गेले ते निरुपायाने. १९९० नंतर ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास व क्लेब्सिएला या जंतूंच्या अशा जाती अतिदक्षता विभागांत पसरल्या की, त्यांच्यापुढे कार्बापेनेम वर्गाची औषधेही चालेनात. ज्या विकरांमुळे कार्बापेनेम निष्प्रभ होते त्यांपैकी एकास नवी दिल्लीचे नाव दिले गेले, व त्यावरून भारतात बराच रोषही व्यक्त झाला. रोष नावावर होता. जंतूचा प्रसार त्यामुळे थांबला नाही.

कोलिस्टिनच्या रेणूवर धनभार असतो. ग्राम-ऋण जंतूच्या बाह्य आवरणातील मेदशर्करेवर ऋणभार असल्याने तो तेथे जाऊन चिकटतो, आवरण सांधून धरणारे मॅग्नेशियम व कॅल्शियम यांना हुसकावतो, आणि आवरण फाटते. दुर्दैवाने मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशीही हा रेणू मोठ्या प्रमाणात शोषून घेतात. गाळून बाहेर पडू पाहणारे औषध तेथे पुन्हा आत ओढले जाते, पेशींत साठते आणि त्यांना मारते. ही इजा बहुधा औषध थांबविल्यावर भरून येते. परंतु ज्या रोग्याचे प्राण आधीच पणास लागलेले आहेत, त्याच्या दृष्टीने ‘बहुधा’ हा शब्द फारसा दिलासा देणारा नव्हे.

येथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. गुंतागुंत पुढे आहे. शिरेतून दिले जाते ते कोलिस्टिन नव्हेच. अपाय कमी व्हावा म्हणून त्याच्या पाच अमिनो गटांवर रासायनिक झाकण बसवून तयार केलेले कोलिस्टिमेथेट सोडियम हे त्याचे पूर्वरूप दिले जाते. ते स्वतः निष्क्रिय असते. शरीरात ती झाकणे एकेक करून गळून पडली की मगच कोलिस्टिन निर्माण होते. या पूर्वरूपाचा निचरा मुख्यतः मूत्रपिंडांतून होतो. ज्याची मूत्रपिंडे सुदृढ आहेत, त्याच्या शरीरातून औषधाचा बराचसा भाग कोलिस्टिन होण्यापूर्वीच निघून जातो. ज्याची मूत्रपिंडे थकलेली आहेत, त्याच्या शरीरात तो मागे राहून क्रियाशील बनतो. म्हणजे ज्याला जास्त हवे त्याला कमी मिळते आणि ज्याला जास्त सोसवत नाही त्याला जास्त मिळते! मान्य मात्रा पूर्णपणे देऊनही, उत्तम मूत्रपिंडे असलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत २ मिलिग्रॅमची पातळी गाठली जात नाही, असे रक्ततपासणीवर आधारलेले अभ्यास दाखवितात.

आता मापाकडे वळता येईल. एकच कुपी तीन प्रकारे वर्णिली जाते. युरोपात व भारतात ती आंतरराष्ट्रीय एककांत मोजतात. अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात तिच्यातून निष्पन्न होणाऱ्या कोलिस्टिनचे, म्हणजे मूळ क्रियाशील द्रव्याचे, मिलिग्रॅम लिहितात. काही ग्रंथांत व शोधनिबंधांत मात्र प्रत्यक्ष कुपीतील पूर्वरूपाचे वजन दिलेले असते, आणि तेही मिलिग्रॅममध्येच. १० लक्ष एकके म्हणजे पूर्वरूपाचे सुमारे ८० मिलिग्रॅम आणि मूळ द्रव्याचे सुमारे ३० ते ३४ मिलिग्रॅम. ६० किलो वजनाच्या प्रौढास अमेरिकन पद्धतीने दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅम या कमाल दराने ३०० मिलिग्रॅम मूळ द्रव्य द्यावयाचे, तर तीच मात्रा युरोपीय पद्धतीने ९० लक्ष एकके होते व वजनाने ७२० मिलिग्रॅम पूर्वरूप होते. येथे ‘कोलिस्टिन ७२० मिलिग्रॅम’ एवढेच कोणी लिहिले आणि वाचणाऱ्याने ते मूळ द्रव्य समजले, तर रोग्यास २.४ पट औषध जाईल. उलट ‘३०० मिलिग्रॅम’ हे पूर्वरूपाचे वजन मानले गेले, तर निम्म्याहून कमी जाईल. आकडा बरोबर, एककही बरोबर. चूक आहे ती नामात. विशेष्यच संदिग्ध असेल तर संख्याविशेषण कितीही अचूक असून उपयोग नाही. हा दोष काल्पनिक नव्हे: अशाच गोंधळातून एका रोग्यास अतिमात्रा जाऊन त्याचा मृत्यू ओढवल्यानंतर २०११ साली अमेरिकेत इशारा प्रसृत करण्यात आला. एककांचे संक्षेपही निर्धोक नाहीत. हाताने लिहिलेला रोमन ‘यू’ शून्यासारखा वाचला गेला की मात्रा दसपट होते. ‘मिलियन’ आणि ‘लक्ष’ यांची सरमिसळ भारतीय वाचकास वेगळी सांगावयास नको.

याचा आणखी एक परिणाम झाला, तो अधिक दूरगामी म्हणावा लागेल. कोणी किती मात्रा दिली हेच निश्चितपणे कळत नसल्याने निरनिराळ्या देशांतील अनुभव एकमेकांशी ताडून पाहणे कठीण झाले. कोठे पाचांत एकाच्या, तर कोठे दोनांत एकाच्या मूत्रपिंडास इजा झाल्याचे वाचावयास मिळते; त्यातील किती फरक रोग्यांचा, किती व्याख्यांचा आणि किती मापांचा, हे वेगळे काढणे सोपे नाही. २०१३ साली इटलीतील प्रातो येथे भरलेल्या परिषदेत, मात्रा एककांत किंवा मूळ द्रव्याच्या मिलिग्रॅममध्येच लिहावी, पूर्वरूपाच्या वजनात लिहू नये, असे ठरले. हे ठरण्यास औषध वापरात येऊन पन्नासांहून अधिक वर्षे जावी लागली.

मूत्रपिंडाच्या भीतीने मात्रा आखडती घेणे हा सावधपणाचा मार्ग वाटतो. तो तसा नाही. २००९ साली ग्रीसमधील रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या मात्रेने आरंभ केला असता पहिल्या मात्रेनंतर रक्तातील पातळी लिटरमागे ०.६ मिलिग्रॅमच्या आसपासच राहते व पुरेशी पातळी येण्यास दोन दिवस लागू शकतात, असे दिसले. रक्तदोषाच्या रोग्याजवळ दोन दिवस नसतात. आणि अपुऱ्या औषधात तग धरणारे जंतू तेवढ्यात पुढे सरसावतात. म्हणून आरंभीच ९० लक्ष एककांची भरमात्रा द्यावी, असे सांगितले जाते. मूत्रपिंडे दुबळी असली तरी ही पहिली मात्रा कमी करावयाची नसते. कमी करावयाच्या त्या पुढच्या. मात्र पुढच्या मात्रा रक्तातील क्रिएटिनिनवरून ठरतात, आणि दीर्घ आजाराने स्नायू झडलेल्या माणसात क्रिएटिनिन मुळातच कमी असल्याने मूत्रपिंडे आहेत त्याहून निरोगी भासतात. जोडीला व्हँकोमायसिन, ॲमिकासिन किंवा वेदनाशामक औषधे चालू असली तर धोका आणखी वाढतो. शक्य असेल तेथे तीच प्रथम बंद करावीत.

सेफ्टाझिडिम-अविबॅक्टमसारखी नवी औषधे जेथे लागू पडतात व परवडतात, तेथे त्यांनाच पसंती दिली जाते. पॉलिमिक्सिन बी हे कोलिस्टिनचे सख्खे भावंड; ते मात्र झाकणाविना, क्रियाशील रूपातच दिले जाते. त्याची मात्रा मूत्रपिंडाच्या कार्यानुसार बदलावी लागत नाही आणि मूत्रपिंडास इजाही तुलनेने कमी होते. २०१९ च्या सूचनांनी सर्वांगात पसरलेल्या संसर्गासाठी त्याचीच निवड केली आहे. परंतु ते मूत्रात फारसे उतरत नाही. मूत्रमार्गाच्या संसर्गात म्हणून कोलिस्टिनच घ्यावे लागते, कारण तेथे पूर्वरूपाचे मूत्रावाटे निघून जाणेच उपयोगी पडते: मूत्राशयात पोहोचल्यावर त्याचे कोलिस्टिन होते.