गेम बंद पडला? आधी शोधा, मग उघडा!

मित्रांनो, आई-बाबांच्या लहानपणीचा टीव्हीवरचा व्हिडिओ गेम तुमच्याही घरात माळ्यावर पडून असेल. दिवाळीच्या साफसफाईत तो हाती लागतो, सगळे हौसेने टीव्हीला जोडतात आणि... काहीच होत नाही! दिवा लागत नाही, नाहीतर पडद्यावर नुसते रंगीत चौकोन थरथरतात. "गेला कामातून, द्या भंगारवाल्याला," असा निकाल दोन मिनिटांत लागतो. पण थांबा! बिघाड नेमका कुठे आहे हे कुणी पाहिलं का?

अंबरनाथजवळच्या मोरिवलीत एमआयडीसीची औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतीतल्या एखाद्या फिटरकाकांना विचारून बघा, "मशीन बंद पडलं की तुम्ही पहिलं काय करता?" चांगला फिटर लगेच पाना उचलत नाही, बरं का! तो आधी मशीन चालवणाऱ्याला विचारतो. आवाज आला का? जळका वास आला का? मग मेन स्विच बंद करून त्यावर पाटी लावतो, 'काम चालू आहे, स्विच लावू नये.' त्यानंतर सगळ्यात सोप्या शक्यतेपासून सुरुवात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते वहीत लिहायचं. आज आपणही असेच फिटर होऊया.

पाहुण्याची ओळख

१९९०च्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेले बहुतेक टीव्ही गेम म्हणजे फॅमिकॉम या यंत्राच्या नकला होत्या. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ते १९८३ साली बाजारात आणलं. त्याची कामापुरती स्मरणशक्ती किती असावी? फक्त २ किलोबाईट! आणि १९८५चा अख्खा मारिओ ४० किलोबाईटच्या कॅसेटमध्ये मावला होता. मोबाईलवर काढलेला एक फोटोसुद्धा यापेक्षा कितीतरी मोठा असतो. यंत्र साधं, म्हणून बिघाड शोधायलाही सोपं.

दिवाच लागत नाही

आधी बोर्ड तपासा. त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून बघा. बोर्ड ठीक असेल तर संशय अडॅप्टरवर. वायर गुंडाळून ठेवल्यामुळे ती पिनेच्या मानेजवळ आतल्या आत तुटते, वरचं प्लॅस्टिक मात्र धडधाकट दिसतं. मोठ्यांना मल्टिमीटर लावून बघायला सांगा. अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलं असेल आणि मीटर १२-१३ दाखवत असेल, तर घाबरू नका. जुने अडॅप्टर रिकामे असताना जास्तच दाखवतात. शून्य दाखवलं, तर चोर सापडला!

नवा अडॅप्टर आणताना एक गोष्ट विसरू नका. जुन्यावर एक छोटंसं चित्र असतं: मधोमध ठिपका, भोवती अर्धवर्तुळ आणि दोन बाजूंना अधिक-उणेची चिन्हं. पिनेच्या आत अधिक आहे की बाहेर, हे ते सांगतं. व्होल्ट जुळले पण ही चिन्हं उलटी झाली, तर चांगला गेमही जळू शकतो.

अडॅप्टर ठणठणीत आणि तरी दिवा नाही? मग आत बघावं लागेल. तिथे बहुधा तीन पायांचा एक भाग असतो, त्यावर ७८०५ लिहिलेलं असतं. यातल्या ०५चा अर्थ ५ व्होल्ट. येणाऱ्या ९ व्होल्टचे नेमके ५ करून तो पुढे देतो. बाहेर ५ येत नसतील, तर तो बदलता येतो. पण सोल्डरिंगचं हे काम मोठ्यांचं किंवा दुरुस्तीवाल्या काकांचं.

दिवा लागतो, पण चित्र नाही

इथे बहुतेक जण काय करतात? कॅसेट काढतात, जोरात फुंकर मारतात, परत लावतात. आणि गंमत म्हणजे कधीकधी गेम चालूही होतो! पण हे फुंकरीचं कर्तृत्व नव्हे. कॅसेट काढून पुन्हा खोचताना तिचे पट्टे घासले जातात, म्हणून जोडणी सुधारते. फुंकरीतून आत जाते ती ओल, आणि ओलीने धातू गंजतो. खुद्द निन्टेन्डोनेच फुंकर मारू नका असं सांगितलं आहे.

फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पट्टे असतात, एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ३०. यंत्र काही पट्ट्यांवरून पत्ता पाठवतं आणि काहींवरून त्या पत्त्यावरची माहिती परत येते. एकच पट्टा मळला, तरी पोस्टमन भलत्याच घरी जातो आणि पडद्यावर मारिओच्या जागी चौकोन नाचतात! आपल्याकडे उल्हास नदीच्या खोऱ्यात पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या कॅसेटचे पट्टे काळवंडले, तर नवल काय?

उपाय सोपा आहे. कानातल्या कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घ्या आणि पट्टे हलक्या हाताने पुसा. मोबाईल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात ते मिळतं. ते पटकन पेट घेतं, म्हणून गॅसजवळ नको आणि खिडकी उघडी हवी. पाणी किंवा सॅनिटायझर वापरू नका. पट्टे पूर्ण वाळले की मगच कॅसेट लावा. तरीही चित्र नसेल, तर दुसरी कॅसेट लावून बघा. ती चालली तर दोष पहिल्या कॅसेटचा. दोन्ही चालत नसतील, तर दोष बहुधा यंत्रात किंवा टीव्हीच्या वायरीत. बघा, एक गोष्ट बदलली आणि अर्धं कोडं सुटलं!

मारिओ उडी मारत नाही

रिमोटचं एकच बटण बंद असेल तर दोन्ही रिमोटची अदलाबदल करा. दोष रिमोटबरोबर दुसरीकडे गेला, तर यंत्र निर्दोष. आता वायर काढून घ्या आणि रिमोटचे मागचे स्क्रू खोला. आत बटणांखाली रबराच्या टोप्या दिसतील आणि त्यांना काळे ठिपके. तो कार्बन. बटण दाबलं की हा ठिपका खालच्या दोन पट्ट्या जोडतो. घाम आणि धूळ साचली की जोडणी होत नाही. ठिपके आणि पट्ट्या त्याच काडीने पुसल्या की बहुतेक वेळा उडी परत येते!

सगळीच बटणं गप्प असतील तर वायर तपासा. आठ बटणांसाठी आत फक्त पाच तारा असतात. आठही बटणांची खबर एकाच तारेवरून, एकामागून एक, रांगेत जाते. ती तार तुटली की सगळेच गप्प!

बंदूक बिघडलीच नव्हती!

आता एक गमतीचा पेच. डक हंटची बंदूक नव्या सपाट टीव्हीवर एकही बदक पाडत नाही. बंदूक खराब? मुळीच नाही. चाप ओढल्यावर पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड शोधतो. हा हिशोब जुन्या, फुगीर काचेच्या टीव्हीसाठी केलेला आहे. सपाट टीव्ही चित्र किंचित उशिरा आणि वेगळ्या रीतीने दाखवतो, म्हणून नेम चुकतो. अशा वेळी बंदूक खोलून बसलात, तर चांगली वस्तू बिघडेल!

हे मात्र करायचं नाही

यंत्र उघडण्याआधी अडॅप्टर बोर्डातून काढून बाजूला ठेवा. ही आपली 'स्विच लावू नये'ची पाटी. अडॅप्टर स्वतः कधीही उघडू नका, त्यात २३० व्होल्ट येतात. जुना टीव्ही तर मुळीच उघडू नका. बंद केल्यावरही त्याच्या आत जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो. जळका वास आला तर काम तिथेच थांबवा.

आणि सगळं करूनही हार मानावी लागली तर? काही नकलांमध्ये मुख्य चिप काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली गाडलेली असते. ती गेली, तर घरी दुरुस्ती नाही. पण मग निदान कारण माहीत असेल. सुटा भाग हवा असेल, तर लोकलने मुंबईला जाऊन ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड गाठता येईल. तिथे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा जुना बाजार आहे. काहीच उपाय नसेल, तर यंत्र कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

पालकांनो, एका रविवारी दोन तास मुलांजवळ बसा. स्क्रू त्यांना खोलू द्या, मीटर तुम्ही धरा. आणि मुलांनो, वहीत तारीख घालून तीन रकाने आखा: काय दिसलं, काय बदललं, काय झालं. उद्या घरातला पंखा नाहीतर मिक्सर बंद पडला, तर हीच वही दुरुस्तीवाल्या काकांपुढे ठेवा. त्यांचं निम्मं काम तुम्हीच केलेलं असेल. काय मग, माळ्यावर चढायचं ना?