विकणे आहे – फोटोसह

पूर्वी घर विकायचे म्हणजे या कानाचे त्या कानाला कळू न देता विकायचे. गावात बोभाटा झाला तर लोक म्हणणार, “बसले वाटते यांचे!” त्यामुळे दलाल यायचा तो दिवेलागणीनंतर आणि मागच्या दाराने. फारच झाले तर नागपूरच्या एखाद्या दैनिकात तीन ओळींची छोटी जाहिरात यायची: पाच खोल्या, विहीर, स्वतंत्र वाट, समक्ष भेटा. त्या ‘समक्ष भेटा’मध्ये सगळे काही आले. घर कसे आहे ते घरानेच सांगायचे, जाहिरातीने नव्हे.

आता आर्वीसारख्या तालुक्याच्या गावातले घरसुद्धा मोबाइलच्या पडद्यावर विकायला मांडले जाते. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला, कोणी त्याहूनही लांब. आईवडील थकलेले किंवा गेलेले. आणि मागे राहिलेले असते कापसाच्या भरभराटीच्या दिवसांत आजोबांनी बांधलेले घर. दिवाळीला सगळी भावंडे जमतात, फराळ होतो, आणि चकलीचा तुकडा मोडता मोडता कोणीतरी म्हणते, “आता विकूनच टाकू.” भाऊबीज आटोपली की परतीच्या गाडीची घाई असते. त्या घाईत, निघण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात, कोणीतरी आठ-दहा फोटो काढून दलालाकडे पाठवून देते.

ते फोटो तुम्हीही पाहिले असतील. एकात छताचा पंखा आणि अर्धी भिंत, दुसऱ्यात न आवरलेली गादी, तिसऱ्यात दोरीवरचे बनियन, चौथ्यात कपाटाच्या आरशात खुद्द फोटो काढणाराच! स्थळाकडे पाठवायचा एक फोटो हवा असला तर आपण चांगले कपडे घालून स्टुडिओत जातो आणि पसंत पडला नाही तर दुसऱ्यांदा काढून घेतो. आणि इथे आजोबांच्या आयुष्यभराच्या कमाईची ही अशी ओळख करून द्यायची.

गिऱ्हाईक आर्वीतलेच असले तर फारसे बिघडत नाही; ते चालत येऊन बघून जाईल. पण निवृत्तीनंतर आपल्या मुलखात परतावे म्हणणारे एखादे जोडपे पुण्याहून येते तेव्हा रात्रभर गाडीत बसून ते पुलगावला उतरते आणि पुढे पस्तीस किलोमीटर रस्त्याने येते. (या टापूत १९१७ साली सुरू झालेली अरुंद रुळांची छोटी गाडी पुलगावहून आर्वीपर्यंत डुलत डुलत यायची. आज ती असती तर घर पसंत न पडताही प्रवास वसूल झाला असता.) फोटो वाईट असेल तर हे जोडपे येतच नाही. फोटो खोटा असेल तर येते आणि संतापून परत जाते. या दोहोंच्या मधली वाट शोधायची असेल तर एक साधा नियम पुरेसा आहे. घर सोडताना जे तुमच्याबरोबर जाणार आहे ते फोटोतून खुशाल हलवावे. जे घराबरोबर मागे राहणार आहे ते हलवू नये, झाकू नये, पुसू नये.

गादी, बनियन, औषधांच्या बाटल्या, रद्दीचा ढीग, तीन वर्षांपूर्वीचे कॅलेंडर हे सारे तुमच्याबरोबर जाणारे. ते निःसंकोच बाजूला करा. पण न्हाणीच्या भिंतीला चढलेली ओल घराची आहे. समोरचा विजेचा खांब घराचा आहे. आणि आमच्या भागातली ती तिरपी चीर तर घराचीच नव्हे, जमिनीची आहे. वर्धा जिल्ह्यातली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असला की या फुगण्या-आकसण्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंत तिरपी तडकते. इथे राहिलेल्या माणसाला तिचे नवल नसते. बाहेरच्याला ती अचानक दिसली की मात्र धस्स होते. तेव्हा चिरेचा फोटो काढावा, शेजारी रुपयाचे नाणे धरून, म्हणजे तिची रुंदी कळेल. किती वर्षांपासून आहे तेही खाली लिहावे. तुम्ही म्हणाल, हे काय भलतेच! पण चिरेसमोर कपाट सरकवून काढलेल्या फोटोपेक्षा हा फोटो स्वस्त पडतो. कपाट हलते त्या दिवशी गिऱ्हाईक चिरेचीच नव्हे, प्रत्येक भिंतीची किंमत कापून मागते.

शिवाय हा निव्वळ सौजन्याचा प्रश्न नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे, मग तो दोष मालमत्तेतला असो की मालकी हक्कातला. सव्वाशेहून अधिक वर्षांचा हा कायदा, पण संगणकाच्या युगात त्याला नवी धार आली आहे. आज फोटोतला खांब बोटाच्या एका फटक्यात नाहीसा होतो, पोपडे उडालेली भिंत गुळगुळीत होते, रिकाम्या बैठकीत न घेतलेला सोफा येऊन बसतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तर १ जानेवारी २०२६ पासून असा नियम लागू केला की, घराच्या जाहिरातीतले चित्र संगणकाने बदलले असेल तर तसे स्पष्ट सांगितले पाहिजे आणि मूळ चित्रही बघायला मिळाले पाहिजे. आपल्याकडे कोणी सांगण्याची वाट कशाला बघा?

खोटेपणाचा दुसरा प्रकार अधिक साळसूद आहे, कारण त्यात कोणी काही पुसत नाही. नव्या मोबाइलला एक अतिरुंद भिंग असते, पडद्यावर ‘.५’ असा आकडा दिसतो तेच. त्यातून दहा बाय बाराची खोली कार्यालयाच्या हॉलसारखी दिसते आणि कडेची खुर्ची ओढल्यासारखी लांबुळकी होते. काहीजण याच भिंगावर खूश होऊन सारे घर टिपतात. मग पाहुणे प्रत्यक्ष येतात, उंबऱ्यात उभे राहतात आणि म्हणतात, “हीच का ती खोली?” नेहमीच्या भिंगानेच फोटो काढावा. खोली मावत नसेल तर दारात किंवा कोपऱ्यात पाठ टेकून उभे राहावे. तरीही मावली नाही, तर दोन कोपऱ्यांतून दोन फोटो काढावेत आणि खाली लांबी-रुंदी फुटांत लिहावी.

इमारतीचा फोटो काढणे हे काही काल-परवाचे शास्त्र नव्हे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या जाणत्या छायाचित्रकारांपैकी एक. पुढे इंदूरहून कारकीर्द सुरू केलेल्या लाला दीनदयाळांनी मध्य भारतातले किल्ले, राजवाडे, देवळे टिपली. त्या जुन्या चित्रांतले खांब पाहा, कसे ताठ उभे असतात! तो भात्याचा कॅमेरा तिवईवर सरळ ठेवून त्याचे भिंग तेवढे वर सरकवता येत असे. त्यामुळे कॅमेरा तिरका न करता शिखर चित्रात यायचे. आपण काय करतो? घराचा माथा यावा म्हणून मोबाइल मागे कलवतो, आणि दुमजली घर मागे रेलल्यासारखे, वर निमुळते होत गेलेले दिसते. गवंडी भिंत बांधताना ओळंबा सोडतो, तशी नजर इथे हवी. पडद्यावर आखणीच्या रेघा दिसण्याची सोय प्रत्येक फोनमध्ये असते. ती चालू करावी आणि दाराची चौकट त्या उभ्या रेघेशी जुळवावी. फोन आडवा, छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे चार फुटांवर धरावा. घराचा माथा मावत नसेल तर रस्ता ओलांडून पलीकडे जावे, किंवा समोरच्यांच्या गच्चीवर चढू द्या म्हणावे. दिवाळीत कोणी नाही म्हणत नाही. आणि हो, आधी भिंग पुसावे. फराळाच्या दिवसांत चकलीचे तेल भिंगावर असतेच असते, आणि मग सगळे घर धुक्यात बांधल्यासारखे दिसते.

उजेडाचा हिशेब मात्र थोडा बारकाईने करायला हवा, कारण घराला तोंड फिरवता येत नाही. आर्वी साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. पूर्वाभिमुख घर सकाळी आठ ते दहा आणि पश्चिमेचे दुपारी चारनंतर, हे कोणीही सांगेल. दक्षिणेच्या घराला हिवाळा फळतो: डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन ओसरीत आतपर्यंत येते. पंचाईत उत्तराभिमुख घराची. वास्तू मानणारे त्याच घराला जास्त मोल देतात, आणि ऐन दिवाळीत त्याच्या दर्शनी भिंतीवर उन्हाचा कवडसाही पडत नाही. मागून येणाऱ्या उजेडाने घर काळवंडते. अशा घराचा फोटो एक तर एप्रिल ते ऑगस्टच्या दरम्यान सकाळी लवकर काढावा, कारण तेव्हा सूर्य ईशान्येकडून उगवतो. किंवा दिवाळीतच काढायचा तर सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, आकाशात निळाई शिल्लक असताना आणि घरात दिवे लागलेले असताना. फोन हातात न धरता स्टुलावर टेकवावा म्हणजे चित्र हलत नाही. ओसरीवर पणत्या असतील तर असू द्याव्यात. त्या कोणाच्या घरी नसतात?

घराच्या आत उलटे करावे. खिडक्या-दारे उघडावीत आणि दिवे मालवावेत. पिवळा बल्ब, पांढरी ट्यूब आणि बाहेरचे ऊन असे तीन रंगांचे उजेड एकत्र आले की चुन्याची शुभ्र भिंतसुद्धा आजारी दिसते. खिडकीसमोर उभे राहून खिडकीचाच फोटो काढू नये. खिडकीला पाठ किंवा बाजू देऊन उभे राहावे. भर मेमध्ये बाहेरचा उजेड इतका कडक असतो की खिडकी पांढरीफटक आणि खोली काळीकुट्ट होते, तेव्हा उन्हाळ्यात सकाळ गाठावी. ढगाळ दिवस मिळाला तर सोने समजावे.

फोटोंचा क्रम पाहुण्याच्या पावलांचा असावा. आधी रस्ता, आणि तो मुद्दाम रुंद दिसेलसा नव्हे. मोटार दारापर्यंत येते का, हा पहिला प्रश्न असतो. मग फाटक, अंगण, ओसरी, बैठक, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, जिना, गच्ची, आणि शेवटी परसदार, ज्याला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात. विहीर असेल तर आत डोकावून पाण्याचा फोटो घ्यावा आणि महिना लिहावा. दिवाळीतले पाणी सगळ्यांच्याच विहिरीला असते, मेमधले दाखवाल तर गिऱ्हाईक उठून बसेल. बारा-पंधरा फोटो पुष्कळ झाले. सोबत वहीच्या पानावर घराचा साधा नकाशा काढून उत्तर दिशेचा बाण घालावा. नुसत्या फोटोंवरून बैठकीतून स्वयंपाकघरात कसे जायचे, ते परक्याला कधीच उमगत नाही.

याचे कारण असे की, त्या घरात वाढलेल्या माणसाला घर दिसतच नाही. त्याला आठवणी दिसतात किंवा अडचणी दिसतात. एका ओळखीच्या घरी पुतण्या फोटो काढत होता. दर्शनी खोल्या झाल्या, आणि तो गच्चीकडे निघाला. दारात बसलेल्या काकूंनी हटकले.

“काऊन रे बाबू, माजघराचा नाही काढत?”

“काकू, तिथे अंधार आहे न. कोण बघते ते?”

“अंधार असू दे. तिथंच तुह्या बापाचा जलम झाला.”

बाप जन्मला म्हणून कोणी गिऱ्हाईक चार पैसे जास्त देणार नाही, हे खरे. पण पुतण्याने मागची खिडकी उघडली, धान्याच्या कोठ्या हलवल्या, तेव्हा सागवानी खांब आणि वरची पाटणी दिसली. त्या घरातली सर्वांत दणकट खोली तीच होती. म्हणून म्हणतो, फोटो शेजारच्याने किंवा सुनेने काढावेत, आणि घरात म्हातारे माणूस असेल तर त्याला विचारून काढावेत. त्याला खोलीबाहेर घालवून तर मुळीच नाही.

देवघराचा कोनाडा दाखवावा, देव नकोत. ते तुमच्याबरोबर जाणार आहेत. दारावरची नावाची पाटी, भिंतीवरची लग्नाची तसबीर, मुलांची प्रशस्तिपत्रके, तिजोरीचे कपाट हेही वगळावे. घर बंद असेल तर तसे जाहिरातीत लिहू नये. आणखी एक छुपी गोष्ट: मोबाइलच्या फोटोत जागेचा नेमका ठावठिकाणा नोंदलेला राहू शकतो, कॅमेऱ्याच्या व्यवस्थेत जाऊन ती नोंद आधी बंद करावी, विशेषतः मूळ फाइल जशीच्या तशी अनोळखी माणसाला पाठवायची असेल तेव्हा. आखीव पत्रिका आणि कर-पावत्या यांचे फोटो जाहिरातीत मुळीच घालू नयेत. ते कागद समक्ष भेटीत दाखवायचे.

आणि ही सगळी आवराआवर सुरू करण्यापूर्वी एक वेगळा संच काढून ठेवावा, जो कोणालाही पाठवायचा नाही. त्यात न आवरलेली गादी असू द्या, दोरीवरचे कपडे असू द्या, मुलांची उंची मोजून ज्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा केल्या ती चौकट जवळून घ्या, आणि काकूंना माजघराच्या उंबऱ्यावर बसवा. या संचाला उजेड कमी पडला तरी चालेल. त्याच्या कागदावर प्रती काढून घ्याव्यात, जितकी भावंडे तितक्या, आणि मागे शाईने तारीख व खोलीचे नाव लिहावे. फोन दर तीन वर्षांनी बदलतो आणि त्यातले फोटो कुठे गेले, ते मग कोणालाच सांगता येत नाही.