हरवलेला हातचा

फळ्यावर चार चौकटी काढा आणि वर्गाला अट घाला : उत्तर कितीही मोठे आले तरी या चारच चौकटींत मावले पाहिजे. आता २५०१ला ४ने गुणायला सांगा. उत्तर १०,००४, पण डावीकडच्या एकाला जागाच नाही. चौकटींत उरते ०००४.

संगणकाच्या चौकटीही ठरावीक असतात. ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी पूर्णांक संख्या ४,२९,४९,६७,२९५. तेथे १,०७,३७,४१,८२५ला ४ने गुणले की बरोबर ४ उरतात! हातचा गेल्याची खूण अनेक प्रोसेसर करून ठेवतात, पण आज्ञावली ती पाहतेच असे नाही.

हे गुणाकार मेमरी वाटताना सतत होतात. 'कॅलॉक' या फंक्शनला आज्ञावली सांगते : इतके घटक, प्रत्येक इतक्या बाइटचा, जागा द्या. वरची संख्या सांगितली, तर मिळतात चारच बाइट, आणि आज्ञावली मात्र शंभर कोटींहून अधिक घटकांची जागा मिळाली असे समजून लिहू लागते. पहिला घटक स्वतःच्या जागेत बसतो, दुसऱ्यापासून सगळे शेजाऱ्याच्या. शेजारी पुढच्या आज्ञेचा पत्ता असला, तर तोही पुसला जातो. घटकांची संख्या बाहेरून आलेल्या संदेशातून घेतली असेल, तर हल्लेखोर ती हिशेब करूनच पाठवतो.

एप्रिल २०२१मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी अनेक छोट्या ऑपरेटिंग सिस्टीम व त्यांच्या लायब्रऱ्यांतील अशा पंचवीसहून अधिक चुका जाहीर केल्या. त्याच वर्षी १७ ऑगस्टला ब्लॅकबेरी कंपनीने आपल्या क्यूएनएक्स सिस्टीमच्या जुन्या आवृत्त्यांतील कॅलॉकमध्येही हाच दोष असल्याचे सांगितले. क्यूएनएक्स मोटारींत आणि वैद्यकीय उपकरणांत असते.

उपाय काय? एखादा चुणचुणीत विद्यार्थी म्हणेल, "गुणाकार मूळ संख्येपेक्षा लहान आला, की समजायचे!" त्याला ३४००ला ४ने गुणायला लावा. १३,६००, म्हणजे चौकटींत ३६००. मूळ संख्येपेक्षा मोठाच. गुणाकार झाल्यावर असे पाहून भागत नाही. आधी भागाकार करावा : ९९९९ भागिले ४, भागाकार २४९९. मागणी याहून मोठी असेल, तर जागा नाकारावी. एवढी एक तुलना पुरते. मात्र विकल्या गेलेल्या मोटारीत वा रुग्णालयातल्या यंत्रात ती नंतर घालायची, तर आधी ती सिस्टीम कोणकोणत्या यंत्रांत बसली आहे हे शोधावे लागते, आणि वेळ जातो तो तिथे.