मूत्रपिंड-प्रत्यारोपण झालेला विद्यार्थी आणि मॅग्नेशियमची उणीव

एका मनुष्याचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरात बसविण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया 1954 साली अमेरिकेतील बोस्टन येथे झाली. भारतात 1971 साली वेल्लोर येथे असे प्रत्यारोपण यशस्वी झाले. आता ते अमरावती व नागपूर येथेही होते. त्यामुळे शिरजगाव कसबा किंवा ब्राह्मणवाडा थडी यांसारख्या चांदूर बाजार तालुक्यातील गावच्या शाळेतही असा विद्यार्थी येऊन बसणे अशक्य नाही. त्याच्या प्रकृतीतील एक उणीव आळस किंवा हट्ट भासण्याचा संभव असल्याने शिक्षकांस तिची माहिती असणे अगत्याचे आहे.

मॅग्नेशियम हे शरीरास अल्प प्रमाणात लागणारे एक खनिज होय. त्याचा निम्म्याहून अधिक साठा हाडांत असतो. रक्तातील त्याचे प्रमाण दर 100 मिलिलिटरमध्ये सुमारे 1.7 ते 2.3 मिलिग्रॅम एवढेच असते. परंतु मज्जातंतू, स्नायू व हृदय यांचे कार्य सुरळीत चालण्यास ते आवश्यक आहे.

मूत्रपिंडे निकामी असताना मॅग्नेशियम शरीरात साचण्याची भीती असते. प्रत्यारोपणानंतर मात्र उलट घडते. शरीराने नवे मूत्रपिंड परके मानून नाकारू नये म्हणून बहुधा टॅक्रोलिमस नावाचे औषध सुमारे बारा तासांच्या अंतराने दिले जाते. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका एरवी मॅग्नेशियम परत शोषून घेतात. या औषधाने त्या कार्यात व्यत्यय येतो व मॅग्नेशियम मूत्रावाटे निघून जाते. पाटाला भगदाड पडले असता पाणी कितीही सोडले तरी वावर भिजत नाही, तशीच ही स्थिती होय. ज्वारी, डाळी, तीळ, भुईमुगाचे दाणे व पालेभाज्या यांत मॅग्नेशियम असते; तथापि केवळ आहाराने ही तूट पुष्कळदा भरून येत नाही, गोळ्या द्याव्या लागतात.

उणीव सौम्य असता कोणतेही चिन्ह दिसत नाही. ती रक्ततपासणीतच कळते. ती वाढली म्हणजे थकवा, पायांत गोळे, बोटांना मुंग्या, हातास कंप व अक्षर बिघडणे अशी चिन्हे दिसतात. फारच वाढल्यास झटके येतात किंवा हृदयाचे ठोके अनियमित होतात. हातास कंप टॅक्रोलिमसमुळेही सुटतो. म्हणून खरे कारण डॉक्टरांनीच ठरवावे. औषधामुळे त्रास होतो असे समजून पालकांनी ते परस्पर बंद केल्यास मूत्रपिंडच गमावण्याचा धोका असतो.

शिक्षकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(1) अक्षर बिघडले किंवा मूल मंदावले तर शिक्षा न करता त्याच दिवशी पालकांस कळवावे.

(2) शाळेच्या वेळेत औषध घ्यावयाचे असल्यास ते ठरलेल्या वेळीच घेऊ द्यावे. मॅग्नेशियमची गोळी काही औषधांबरोबर एकाच वेळी चालत नाही. म्हणून वेळा बदलू नयेत.

(3) पाणी पिण्यास व लघवीस जाण्यास केव्हाही मोकळीक द्यावी.

(4) जुलाब किंवा उलट्या झाल्यास मॅग्नेशियम आणखी घटते व औषधाचे प्रमाणही बिघडते. अशा वेळी घरगुती उपचारात दिवस न घालविता डॉक्टरांस विचारण्यास पालकांस सांगावे.

(5) शाळेतील पोषण आहारात काय चालते, हे पालकांकडून डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार लिहून घ्यावे.

(6) झटका आल्यास मुलास कुशीवर वळवावे, वेळ पाहून ठेवावी व तात्काळ 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कांदा किंवा जोडा हुंगवू नये. तोंडात चमचा, पाणी काहीही घालू नये. रुग्णवाहिकेतील डॉक्टरांस प्रत्यारोपणाची गोष्ट प्रथम सांगावी.

ही माहिती मुलाच्या वर्गशिक्षकाबरोबरच शाळेतील सर्व शिक्षकांस असावी. मात्र तिची वर्गात जाहीर चर्चा होऊ नये. डॉक्टरांची भेट महिन्याकाठी होते. शिक्षक मुलास रोज पाहतो. त्याच्या लेखणीतील बदल प्रथम शिक्षकाच्याच नजरेस येणार, आणि वेळीच दिलेली ती सूचना त्या मुलाच्या फार उपयोगी पडेल.