टक् आवाज झाला का?

मुलांनो, तुमच्या दप्तराच्या पट्ट्याला प्लॅस्टिकचे बकल असेल. त्याची दोन टोके एकमेकांत सरकवली की 'टक्' असा आवाज होतो. दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबले की ते उघडते. किती साधी वस्तू! पण अशाच एका बकलावर लहान मुलाचा जीव अवलंबून असू शकतो, हे तुम्हांला माहीत आहे काय?

समजा, ईदसाठी तुम्ही सोलापूरहून पुण्याला मामूंकडे मोटारीने निघाला आहात. तुमची धाकटी बहीण अम्मीच्या मांडीवर बसली आहे. आईच्या कुशीपेक्षा सुरक्षित जागा कोणती, असे आपल्याला वाटते. आता थोडे गणित करून पाहू. ताशी 50 किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर. धडक बसून मोटार सेकंदाच्या पंधराव्या भागात थांबली, तर बहिणीला धरून ठेवण्यासाठी तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट बळ लागेल. तिचे वजन 10 किलो असेल, तर अम्मीला जणू 200 किलोंचे ओझे धरावे लागेल. हे कोणाच्याही हातांना शक्य नाही.

मोठ्या माणसांसाठी तीन ठिकाणी अडकणारा पट्टा निल्स बोहलिन या स्वीडिश अभियंत्याने 1959 मध्ये व्होल्व्हो कंपनीत तयार केला. तो लहान मुलाच्या मानेवर येतो. म्हणून लहान मुलांसाठी वेगळी सीट असते. तिच्यात बहुधा पाच पट्टे असतात : दोन खांद्यांवर, दोन कमरेवर आणि एक पायांमधून. हे सर्व पट्टे एकाच बकलात येऊन मिळतात.

या बकलांचे काही प्रकार आहेत. पट्ट्याच्या टोकाला असलेल्या पट्टीला जीभ म्हणतात. पहिल्या प्रकारात दोन जिभा वेगवेगळ्या घालतात. हे सोपे असते. पण एक जीभ अर्धवट राहण्याचा धोका असतो. दुसऱ्या प्रकारात दोन्ही जिभा आधी एकमेकींत बसवून मग एकदम आत घालतात. याला थोडी खटपट पडते. मात्र एकच जीभ अडकवून काम भागत नाही, म्हणून चूक लगेच कळते. तिसऱ्या, नव्या प्रकारात चुंबक असतो. तो जिभा नेमक्या जागी आणतो. त्यांना धरून ठेवतो तो आतला खटकाच.

मग चांगले बकल कोणते? जे मुलाला उघडता येत नाही, पण मोठ्या माणसाला एका दाबात उघडता येते, ते. युरोपातील नियमांनुसार बकलाचे बटण लाल असावे लागते आणि ते दाबायला 40 ते 80 न्यूटन बळ लागावे, असे ठरलेले आहे. म्हणजे बटणावर 4 ते 8 किलोंचा भार द्यावा लागतो. इवल्या बोटांना हे सहसा जमत नाही. परंतु अपघातात मदतीला धावून आलेल्या माणसाला लाल बटण चटकन दिसते.

तुमच्या घरी मोटार नसेल, पण मोटारसायकल असेल. तिच्यासाठीही नियम आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये जाहीर झालेला हा नियम एका वर्षाने लागू झाला. चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारे पट्ट्यांचे जाकीट हवे, हेल्मेट हवे आणि वेग ताशी 40 किलोमीटरपेक्षा जास्त नसावा. असे जाकीट घेताना त्याचे बकल दप्तराच्या बकलासारखे सहज उघडत नाही ना, हे जरूर पाहा.

सोलापूरचा उन्हाळा तर तुम्हांला ठाऊकच आहे. उन्हात उभ्या मोटारीत बकलाचा धातू एवढा तापतो, की मुलाची कातडी भाजते. म्हणून सीटवर आपला सोलापुरी टॉवेल झाकून ठेवावा. मूल बसवण्याआधी तो काढावा आणि बकलाला हात लावून पाहावा. टॉवेल मुलाच्या पाठीशी राहिला, तर पट्टे सैल पडतात. बिस्किटाचा चुरा बकलात अडकला, तर खटका नीट बसत नाही. अशा वेळी बकल कोमट पाण्याने स्वच्छ करावे. तेल मुळीच घालू नये.

2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात, चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा योग्य सीटने सुरक्षित न बसवल्यास 1000 रुपये दंड सांगितला आहे. पण दंड भरता येतो. गेलेला जीव परत येत नाही.

प्रवासाला निघताना मोठी माणसे सामानाच्या गडबडीत असतात. धाकट्या भावंडाशेजारी बसता तुम्ही! तेव्हा तीन गोष्टी करा. 'टक्' आवाज ऐका. पट्टा ओढून पाहा. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहा. चिमटीत आला, तर तो सैल आहे, असे समजा. मगच अब्बांना सांगा, "आता निघू या!"